माझ्या नावाची नळी

मला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झाला. 'बाईचं दुखणं' झालं नाही, 'खालचं काहीतरी' झालं नाही, 'बाहेरचं लागलं' तर अजिबातच झालं नाही. ज्या बाईला हे वाक्य मोठ्यानं वाचायची लाज वाटते, तिनं ते आधी मोठ्यानं वाचावं आणि मग पुढं यावं.

माझं वय बत्तीस. सासर देऊळगाव राजा तालुक्यातल्या एका गावात, घरचा भाजीपाल्याचा मळा. लग्नाआधी कॉलेजात असताना मी बायांच्या एका गटासाठी पत्रकं लिहायची. दारूवर, हुंड्यावर, रक्त कमी असण्यावर. पत्रकात एक शिस्त असते: पहिल्या ओळीत दुखणं सांगायचं, शेवटच्या ओळीत काय करायचं ते सांगायचं, आणि मधे रडायचं नाही. मी जमेल तेवढं पाळीन.

नळी

आमच्या गावात तपासणीची नळी आली ती भादव्यात. सोपं काम होतं. डॉक्टरसमोर पाय फाकवून झोपायचं नाही. एक मऊ ब्रश, तो आपल्या मोरीत, आपल्या हातानं आत घालून फिरवायचा, औषधी पाण्याच्या बारक्या नळीत टाकायचा, बूच लावायचं, आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवायची. दुसऱ्या दिवशी आशाताई येऊन घेऊन जाणार. ज्या बाया जन्मात तपासायला गेल्या नसत्या, त्यांच्या घरात तपासणी चालत आली होती. मी तर नाचायचीच बाकी होते. गल्लीतल्या बाया मीच गोळा केल्या. एकीनं विचारलं, "आत अडकला तं?" मी म्हटलं, "तीन लेकरं बाहेर आली तिथून, एक ब्रश येणार नाही का?" सगळ्या हसल्या आणि नळ्या घेऊन गेल्या.

आमच्या घरात दोन नळ्या आल्या. एक माझी, एक माझ्या थोरल्या जाऊबाईंची, सुनंदाबाईंची. माझी मी त्याच सकाळी भरली. ब्रशला थोडं रक्त लागलं. पाळी नव्हती. अधूनमधून डाग पडायचे, म्हणून तर मला तपासून घ्यायचं होतं. बूच लावलं, चिठ्ठी लावली, पिशवीत घालून मोरीतल्या खिळ्याला अडकवली.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडं महालक्ष्म्या बसणार होत्या. मला डाग दिसला म्हणजे मी 'बाहेर'. सोवळ्याच्या स्वयंपाकाला माझा हात चालणार नाही. सासूनं, आम्ही तिला आत्याबाई म्हणतो, मला मागच्या टिनाच्या खोलीत बसवलं. जेवण तिथंच. मी तिथून पुरणाचा वास घेतला आणि मनात म्हटलं, बसू दे, नळी तर भरून झाली.

सकाळी आशाताई पुढच्या दारातून आली. आत्याबाईचा आवाज आला, "हे घे, दोघींच्या बी."

महिन्या-दीड महिन्यानं आशाताईनं मला नळावर सांगितलं, "सविता, तुमच्या घरच्या दोघी बी चांगल्या निघाल्या. काही नाही."

मी त्या दिवशी घागर डोक्यावर घेऊन गाणं म्हणत घरी आले. खरंच.

फुलकोबी

डाग थांबले नाहीत. उलट वाढले, आणि वास यायला लागला. नवऱ्यानं खाट वेगळी केली. मी तालुक्याला एका खासगी डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्यांनी विचारलं, "तपासणी झालीय का?" मी छाती पुढं काढून सांगितलं, "झालीय. चांगली आलीय." त्यांनी तपासलंच नाही. रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. परत गेले, परत गोळ्या.

पुढच्या उन्हाळ्यात वांगी तोडताना माझ्या साडीतून रक्त सरीत पडलं. थेंब नाही, धार. प्रकाशनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं, बुलढाण्याला.

तिथं एका तरुण डॉक्टरनं आत पाहिलं आणि मागं वळून शिकाऊ पोरापोरींना हाक मारली, "या, या, बघून घ्या. क्लासिक आहे. फुलकोबीसारखी गाठ." ते सगळे आले. पाच-सहा डोकी माझ्या पायांमधे. एकानं टॉर्च धरली. कोणी मला विचारलं नाही, कोणी पदर ओढून दिला नाही. आमच्या मळ्यात त्या वर्षी फुलकोबी होती. मी पडल्या पडल्या छताकडं बघत विचार करत होते, की आमची कोबी बाजारात जाते तेव्हा तिला सुद्धा लोक विचारून हात लावतात.

तुकडा तपासायला गेला. निकालाच्या दिवशी डॉक्टर प्रकाशशी बोलला, माझ्याशी नाही. कॅन्सर आहे, ऑपरेशनची वेळ गेली, मोठ्या शहरात कॅन्सरच्या दवाखान्यात रेडिएशन घ्या. प्रकाशनं विचारलं, "हे होते कशानं?" डॉक्टर मोबाईल बघत म्हणाला, "विषाणू असतो. संबंधातून येतो."

एवढंच. पुढचं वाक्य त्यानं म्हटलं नाही. ते मी इथं म्हणते, कारण त्या न म्हटलेल्या वाक्यानं माझं घर गेलं: हा विषाणू पुरुषाकडून बाईकडं येतो, बहुतेक बायांना लग्नानंतर नवऱ्याकडूनच मिळतो, वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो, आणि कोणत्या वर्षी आला ते कोणी सांगू शकत नाही.

मी आणि प्रकाश एस.टी.नं परत निघालो. चिखलीला गाडी थांबली. त्यानं चहा आणला, एकच कप, स्वतःला. मग खिडकीतून बाहेर बघत विचारलं,

"कोणासंग?"

मला आधी कळलंच नाही. वाटलं, मोठ्या दवाखान्यात कोणासंग जाणार असं विचारतोय. मी म्हटलं, "तुमच्यासंगच ना."

तो हसला. तसं हसणं मी त्याच्या तोंडावर आधी कधी पाहिलं नव्हतं.

चांगला निकाल

घरी बैठक बसली. दीर, आत्याबाई, प्रकाश. सुनंदाबाई चुलीशी, पाठ करून. माझी मुलगी तनू, नऊ वर्षांची, तिला शेजारी पाठवलं.

आत्याबाई म्हणाली, "भादव्यात तपासलं तवा चांगली होती ना थे? आशाबाईनं सांगतलं ना, काही नाही म्हणून? मंग भादव्यापासून आतापर्यंत हे कुठून आणलं?"

ज्या तपासणीसाठी मी गल्ली पालथी घातली, तीच तपासणी माझ्याविरुद्ध साक्षीला उभी राहिली. चांगली होती, म्हणजे नंतर झालं. नंतर झालं, म्हणजे कोणीतरी आहे. मी म्हटलं, डॉक्टरला विचारा. दीर म्हणाला, "डॉक्टरनंच तं सांगतलं." मी म्हटलं, मग प्रकाशची पण तपासणी करा. आत्याबाईनं चप्पल फेकून मारली. नेम चुकला. तिला आता कमी दिसतं.

"भाषणं करत गावभर हिंडते," ती म्हणाली. "बायांले मोरीत काय काय घालाले शिकवते. अशा बाईले दुसरं काय होईन?"

प्रकाशनं माझ्या भावाला फोन केला, "तुमची बहीण घेऊन जा. पोरगी इथंच राहीन."

सुनंदाबाईंनी भाकरी उलटली. पाठ तशीच.

इथून पुढं माझ्या पुढ्यात दोनच गोष्टी होत्या: जगायचं, आणि तनूला त्या घरातून माझ्याकडं आणायचं. पहिली डॉक्टरांच्या हातात होती. दुसरीसाठी मला सिद्ध करायचं होतं, की माझा आजार जुना आहे. आणि गावानं कानांनी ऐकलं होतं, की तो नवा आहे.

पाणी पिऊन बसायचं

माझी आई आणि भाऊ मला जालन्याच्या पुढं मोठ्या शहरात घेऊन गेले. सरकारी कॅन्सर दवाखाना. पोटावर निळ्या शाईनं रेघा मारल्या. पुसायच्या नाहीत, म्हणून पोटावरून पाणी घालून आंघोळ नाही. रोज रेडिएशन, ज्याला तिथल्या सगळ्या बाया 'शेक' म्हणायच्या. आठवड्यातून एकदा सलाईनमधून औषध, आणि त्यानंतर उलट्या.

शेक घेताना लघवीची पिशवी भरलेली लागते. नंबर जवळ आला की पाणी प्यायला सांगतात. मग मशीन बंद पडतं. मग आम्ही दहा-बारा बाया बाकावर पाय दाबून बसतो. एखादीचं सुटतं. मग फरशी पुसणारी बाई ओरडते, "म्हशी हाव का तुम्ही?"

बाकावर माझ्या शेजारी मलकापूरच्या एक काकू बसायच्या. नवरा जिनिंगमध्ये होता, वारलेला. काकू त्या पुसणारीला म्हणायच्या, "म्हैस असती तं बरं झालं असतं बापा. म्हशीचा डॉक्टर घरी येते." मग मला कोपर मारायच्या, "तुह्या नवऱ्यानं इचारलं तुले, कोणासंग? माह्यावाला जिता असता तं मीच त्याले इचारलं असतं, यादी घेऊन बस म्हणून." हसलं की लघवी सुटायची. म्हणून त्या मुद्दाम हसवायच्या. तिथं मिळालेली दया म्हणजे एवढीच, आणि ती काकूंकडूनच.

शेवटी आतून शेक असतो. आत नळ्या बसवतात आणि हलायचं नाही. त्याचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगते, की बाळंतपण मला त्यापुढं सोपं वाटलं. पण ते संपतं. ज्या बाईला ते घ्यायचं आहे तिनं हे लक्षात ठेवावं: ते संपतं.

तिथल्या मोठ्या डॉक्टरबाईंना मी विचारलं, "हे किती दिवसांचं असेल?"

"दिवसांचं? वर्षांचं आहे. पाच, दहा, जास्तसुद्धा."

"मग भादव्यात तपासणी चांगली कशी आली?"

"ती तपासणी सहसा एवढं चुकत नाही. नमुना नीट घेतला होता ना?"

"मी घेतला होता. माझ्या हातानं."

"मग मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हे जुनं आहे एवढं माझ्या नवऱ्याला फोनवर तरी सांगा. त्यांनी फोन लावला. प्रकाशनं उचलला, 'कॅन्सर हॉस्पिटल' एवढं ऐकलं आणि ठेवला. परत लावला, लागला नाही. त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बाहेर पेशंट थांबलेत." आणि होतेही थांबलेले.

काकूंचे शेक अर्धे झाले आणि त्यांचा मुलगा त्यांना घेऊन गेला. कपाशी निंदायला माणूस नव्हता. परत येतो म्हणाला. मी नंतर फोन केला तेव्हा त्यानंच उचलला. "आई गेली," म्हणाला, "तुम्ही कोण?"

दोन पिशव्या माती

सुनंदाबाई एकट्या आल्या. जालन्याला बहिणीकडं जाते असं घरी सांगून, तिथून पुढं बस धरून. डब्यात मेथीचे पराठे. आईला म्हणाल्या, "काकू, तुम्ही जरा चहा पिऊन या."

आई गेली तसा त्यांनी माझा पाय धरला. वयानं मोठी जाऊ, माझा पाय धरते. मी ओढून घेतला.

"सविता, थे नळी तुही नव्हती."

"कोणती?"

"भादव्यातली. तुही नळी आत्याबाईनं मोरीत पाहली. रक्त दिसलं आत. म्हणे, लक्ष्म्या येऊन राह्यल्या सकाळी, अन् हे रक्त रातभर घरात? उकिरड्यावर फेकली. मंग आशाताई काय म्हणीन, म्हणून तिच्याजवळून दुसरी आणली, पहिली सांडली म्हणून. अन् मले म्हणे, तूच भर दोन्ही."

"आणि तुम्ही भरली."

"हाव."

"माझ्या नावाची."

"मले काय मालूम वं माय! मले वाटलं, एका घरच्या दोघी, काय फरक पडते. माती तपासाले देतो तवा नाही का आपण, एकाच वावरातून दोन पिशव्या भरतो? दोन गट नंबरच्या म्हणून देतो? कोण उठून जाईन तिकडल्या वावरात. तसंच समजली मी."

हे खरं आहे. माती तपासणीच्या पिशव्या आमच्याकडं अशाच भरतात. घराजवळच्या तुकड्यातली माती सगळ्यांच्या नावानं. मी स्वतः पाहिलंय. खताचं प्रमाण चुकतं, पीक कमी येतं, कोणी मरत नाही.

मला वाटलं होतं मी ओरडीन. मी विचारलं, "बैठकीत का नाही बोलल्या?"

"आत्याबाई म्हणे, तोंड उघडलं तं तुही पाठवणी बी तिच्यासंगच."

"आता बोला. घरी जाऊन प्रकाशला सांगा. तनूसाठी."

त्या रडायला लागल्या. मी म्हटलं, रडू नका, रडायचं काम माझ्याकडं आहे, तुम्ही फक्त बोला. डबा ठेवून त्या गेल्या. मी वाट पाहिली. प्रकाशचा फोन आला नाही. मी लावला तर घरात कोणी उचलला नाही. सुनंदाबाई बोलल्या नव्हत्या. पराठे मी फेकून दिले. आईनं गोळा करून कुत्र्याला घातले.

शाळेतली सभा

शेक संपले. पुढच्या तपासणीत डॉक्टरबाई म्हणाल्या, "सध्या काही दिसत नाही." 'सध्या' हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला. बत्तिसाव्या वर्षी माझी पाळी कायमची गेली. रात्री अंगाची आग होते. लघवीला कधी कळ येते. नवरा-बायकोचं जे असतं ते आता माझ्या शरीरातून गेलंय, आणि तसंही नवरा नाही. हे लपवून ठेवलं तर पुढच्या बाईला वाटेल तिचंच असं झालं. म्हणून लिहिलं.

मी माहेरीच होते. आईनं शेगावला नवस बोलला होता, तो फेडून आली. मग आशाताईचा फोन आला. गावात परत नळ्या येणार, बाया घाबरल्यात, तू ये आणि बोल. मी तिला फोनवरच सगळं सांगितलं. तिनं नळीचं परत एकदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "मी तं नळी बदलून देल्ली, सांडली म्हणे म्हणून. तू येच."

जिल्हा परिषदेच्या शाळेत सभा झाली. तीस-चाळीस बाया. आत्याबाई पहिल्या रांगेत येऊन बसली, खुर्ची मागवून. तिला बघायचं होतं मी काय बोलते. सुनंदाबाई शेवटी दाराशी, शेजारी तनू. चार महिन्यांनी मी तिला बघत होते. केस कापले होते तिचे. उवा झाल्या असतील. तिनं मला बघून हात वर केला आणि मग आजीकडं बघून खाली घेतला.

मी आजाराचं सांगितलं, शेकाचं सांगितलं. मग म्हटलं, "माझी तपासणी चांगली आली, हे तुम्ही सगळ्यांनी ऐकलं. ती तपासणी माझी नव्हती. माझी नळी उकिरड्यावर गेली. माझ्या नावानं दुसऱ्या बाईनं भरली. ती बाई इथं बसलीय. मी तिचं नाव घेणार नाही."

आत्याबाई हसून म्हणाली, "पोथी वाचून राह्यली. वाचू द्या."

दाराशी हालचाल झाली. सुनंदाबाई उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर सरळ केला. आवाज इतका बारीक, की पुढच्यांनी वळून विचारलं, काय म्हणे?

"माही होती थे. दोन्ही नळ्या माह्याच होत्या. आत्याबाईनं भराले लावल्या."

आत्याबाई खुर्चीतून वळली. तिला लाज वाटली असेल असं ज्यांना वाटतं त्यांनी ऐकावं. ती म्हणाली, "मंग? लक्ष्म्या येणार होत्या घरात. तिचं रक्त ठेवू काय देव्हाऱ्यासमोर? सांगा ना बायाहो, तुम्ही ठेवलं असतं?"

आणि बायांनी माना हलवल्या. सगळ्यांनी नाही. पण हलवल्या. ज्यांना मी घरोघर जाऊन हसवून नळ्या दिल्या होत्या, त्यांच्यातलीच एक म्हणाली, "म्हातारीचं बी बरोबर हाय ना. सण होता."

मी पत्रकं लिहिणारी बाई. मला एवढं कळतं, की आता उत्तर द्यायचं. मी हातातल्या कागदाची घडी केली.

सुनंदाबाई तनूला घेऊन बायांच्या मधून वाट काढत माझ्यापर्यंत आल्या. तनूच्या पाठीला दप्तर होतं, हातात कपड्यांची पिशवी. म्हणजे घरातूनच ठरवून आणलं होतं. "घे तुही पोरगी," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "आणि तुम्ही?" त्या म्हणाल्या, "मी कुठं जाऊ? संध्याकाळच्या भाकरी करा लागते ना." त्याच घरात, त्याच चुलीकडं, त्या परत निघाल्या. आत्याबाई त्यांच्या पुढं चालत होती.

आम्ही स्टँडवर बसची वाट बघत होतो, तेव्हा प्रकाश आला. मोटारसायकल बंद केली नाही. तनूच्या डोक्यावरून हात फिरवला. मग मला म्हणाला, "चाल आता घरी. झालं ना तुहं खरं."

मी म्हटलं, "तुम्हाला आज कळलं?"

"नाही," तो म्हणाला, साध्या आवाजात, भाव विचारल्यावर सांगतात तसा. "आईनं तवाच सांगतलं होतं. नळी फेकली म्हणून. म्हणलं, सणाच्या घरात कायले वाद."

"तवाच म्हणजे? भादव्यात?"

"हाव."

म्हणजे चिखलीच्या स्टँडवर चहा पिताना त्याला माहीत होतं. बैठकीत माहीत होतं. मी रक्तवाढीच्या गोळ्या खात होते तेव्हा माहीत होतं. जालन्याची, माझ्या माहेराकडची बस आली. मी तनूला आधी चढवलं.

आता शेवटची ओळ, काय करायचं ती. बायांनो, नळी स्वतः भरा, रक्त दिसलं तर त्याच दिवशी आशाताईच्या घरी जा आणि तिच्या हातात द्या, तिला सांगा रक्त दिसलं म्हणून. निकाल चांगला आला आणि डाग थांबले नाहीत तर डॉक्टरला म्हणा, निकाल राहू दे, मला तपासा. आणि नळी तुमच्या हातातून आशाताईच्या हातात जाईपर्यंत मधे सासू नको, नवरा नको, सण नको, देव नको.